पामच्या गावातला भात

गावाला एक छान जावानीज नाव आहे, पण आजूबाजूचे लोक आजही त्याला 'एस्पे तीन' असेच म्हणतात. एस्पे म्हणजे वसाहतीचे एकक. सरकारी आराखड्यावर जंगलाच्या जागी काटकोनात रस्ते आखले गेले, प्रत्येक चौकटीला एक आकडा दिला गेला आणि मग त्या आकड्यात राहायला माणसे आणली गेली. इंडोनेशियाच्या मध्य सुमात्रातल्या रियाऊ प्रांतात, पेकनबारू शहरापासून चार तासांवर हे गाव आहे आणि त्यातला शेवटचा तास लाल मातीच्या रस्त्याचा आहे. गावाच्या चारही बाजूंना पाम. नऊ-नऊ मीटरांवर त्रिकोणी मांडणीत लावलेली झाडे, हेक्टरी 143. कुठेही उभे राहिले तरी सरळ रांगा दिसतात आणि एक पाऊल सरकले की वेगळ्या दिशेला तशाच सरळ रांगा उघडतात. पहिले काही आठवडे मला तिथे दिशाच कळत नसे. आपल्याकडे माणूस बांधावरच्या बाभळीवरून, विहिरीवरून, म्हसोबाच्या दगडावरून शिवार ओळखतो. इथे ओळखीची खूण म्हणून काही मागे ठेवलेलेच नव्हते.

मी तेल तंत्रज्ञान शिकलेला माणूस. नागपूरला शिक्षण झाले, उत्तर सुमात्रातल्या मेदानच्या एका रिफायनरीत तीन वर्षे काढली आणि 2021 च्या अखेरीस रियाऊतल्या एका पाम गिरणीत बदली झाली. गिरणीच्या वसाहतीत खोली मिळेपर्यंत दोन महिने गावात राहावे असे ठरले होते. प्रत्यक्षात मी दीड वर्ष तिथेच राहिलो. घरमालकांना मी पाक म्हणे, त्यांच्या पत्नीला बु, आणि पाकांच्या आईला, सगळे गाव म्हणते तसे, एम्बाह, म्हणजे आजी. एम्बाह मला 'मास' म्हणत, जावानीज घरात थोरल्या भावाला आणि आदराने कुठल्याही तरुण पुरुषाला म्हणतात तसे. रिफायनरीत असताना पामतेल माझ्यासाठी टाकीतला आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीतला पदार्थ होता. ते कोणाच्या तरी जमिनीतून येते, हे मला माहीत होते, पण कळले ते एम्बाहच्या ओसरीवर बसून.

एम्बाह मूळच्या मध्य जावातल्या वोनोगिरीच्या. चुनखडीच्या डोंगरांचा तो कोरडा मुलूख. 1970 च्या दशकात तिथे गाजाह मुंगकुर धरण बांधायला घेतले आणि गावेच्या गावे पाण्याखाली गेली. त्या स्थलांतराला जावानीजमध्ये 'बेदोल देसा' म्हणतात. देसा म्हणजे गाव, आपल्या 'देश' शब्दाचेच ते रूप. आणि बेदोल म्हणजे रोप मुळासकट उपटणे. आपण धरणग्रस्त म्हणतो, पुनर्वसन म्हणतो, आणि त्या शब्दांत मुळांना चिकटून आलेली माती कुठेच दिसत नाही. एम्बाहची थोरली बहीण तशीच उपटली गेली आणि पश्चिम सुमात्रातल्या सितियुंगला लावली गेली. एम्बाहवर तशी सक्ती नव्हती. त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याला जावात पाव हेक्टर आले होते, त्याचे पुढे दोन मुलांत काय वाटे करणार, एवढाच हिशेब होता. 1989 मध्ये ते बोटीत बसले.

त्याआधी तीन वर्षे, 1986 मध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने मळे आणि स्थलांतर यांची सांगड घालणारी योजना सुरू झाली होती. मध्यभागी कंपनीचा मळा आणि गिरणी, त्याला म्हणायचे 'इंती', म्हणजे केंद्रक. भोवती वसवलेल्या कुटुंबांचे तुकडे, ते 'प्लास्मा'. पेशीच्या रचनेवरून दिलेली ही नावे गावातले निरक्षर म्हातारेही सहज वापरतात. प्रत्येक कुटुंबाला लाकडी घर, त्याच्याभोवती परस, दोन हेक्टर पाम आणि सुरुवातीच्या काळासाठी तांदूळ, खारवलेली मासळी, रॉकेल. कोणाला कुठला तुकडा, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. एम्बाहना वाचता येत नव्हते. नवऱ्याने चिठ्ठीवरचा आकडा दाखवला तेव्हा त्यांनी तो बोटाने गिरवून गिरवून पाठ केला आणि मला सांगताना पुन्हा ओसरीच्या फरशीवर गिरवून दाखवला. 47. त्यांना लिहिता येणारी ती एकच गोष्ट.

तुकडा मिळाला तरी जमीन मिळायला अजून अवकाश होता. लागवडीचा खर्च कर्ज म्हणून डोक्यावर होता, फळाच्या पैशातून 30 टक्के त्या कर्जात वळते होत आणि मालकीचे प्रमाणपत्र कर्ज फिटेपर्यंत बँकेत पडून राही. पामला फळ धरायला तीन वर्षे लागतात. मधली वर्षे नवरा-बायकोने कंपनीच्या मळ्यात रोजंदारीवर काढली. 1998 मध्ये रुपिया कोसळला आणि साऱ्या देशाचे कंबरडे मोडले, पण तेल डॉलरमध्ये विकले जात असल्याने फळाचा भाव चढला. पाकांच्या घराच्या विटांच्या भिंती त्या वर्षाच्या. प्रमाणपत्र घरी आले तेव्हा आजोबांनी ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवले, कारण घरातली तीच जागा रोज उघडली जाई. ते आता हयात नाहीत, पण कागद अजून तिथेच असतो.

ही झाडेही मुळात बाहेरूनच आलेली. 1848 मध्ये आफ्रिकी तेलताडाची चार रोपे जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. त्यांची संतती सुमात्राच्या देली भागात तंबाखूच्या मळ्यांच्या रस्त्यांकडेला शोभेसाठी लावली जाई. तेलासाठी मळा लावायची सुरुवात 1911 मध्ये झाली, आणि देलीतल्या त्याच झाडांचा वंश पुढे जगभरच्या लागवडीत पसरला. माणसांचेही तसेच. डच मळेवाल्यांनी देलीत आधी चिनी आणि मग जावानीज मजूर करारावर आणले. 1880 च्या कुली कायद्याने करार मोडून पळणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकण्याची सोय करून ठेवली होती. त्या मजुरांचे पणतू आज मेदानमध्ये स्वतःला 'पुजाकेसुमा' म्हणवतात, सुमात्रात जन्मलेली जावाची लेकरे. रिफायनरीत माझ्या पाळीला असलेले निम्मे लोक पुजाकेसुमाच होते. एम्बाहची कहाणी त्या कहाणीपेक्षा निश्चितच वेगळी आहे. त्यांच्या नवऱ्याने स्वखुशीने सही केली, त्यांना कोणी डांबून ठेवले नाही आणि अखेर कागद त्यांच्या नावावर झाला. हा फरक लहान नाही, आणि मळ्यांवर लिहिताना जे तो पुसून टाकतात त्यांच्याशी माझे पटत नाही.

पामच्या गावात पंचांगापेक्षा पाळीला महत्त्व आहे. दर चौदा दिवसांनी तोड. वर्षभर, पाऊस असो वा ऊन, रमजान असो वा शाळेच्या परीक्षा. दोन पाळ्यांच्या मध्ये फळ कमी आले की लोक म्हणतात 'ट्रेक' लागला, आणि मग दुकानातल्या उधारीची वही जाड होते. मी रजेच्या दिवशी पाकांबरोबर 47 नंबरमध्ये जाई. तीस वर्षांपूर्वीची ती झाडे आता तीन-चार पुरुष उंच झाली होती. लांब ॲल्युमिनियमच्या दांड्याच्या टोकाला बांधलेला कोयता, त्याला 'एग्रेक' म्हणतात. पाक मान पूर्ण मागे टाकून तो वर नेत, घडाखालच्या झावळीच्या देठाला अडकवत आणि सगळे वजन टाकून खाली खेचत. आधी झावळी येई, कडेला काटे असलेली, दोन माणसांच्या लांबीची. मग घडाचा देठ. वीस किलोचा घड खाली पडतो तेव्हा पायाखालची जमीन हलते, आणि त्या धक्क्याने पिकलेली सुटी फळे चहूकडे उडतात. त्या सुट्या फळांना 'ब्रोन्डोलान' म्हणतात. बु गोणपाट घेऊन वाकून ती एकेक वेचत. बोराएवढी, नारिंगी-काळी, बोटांत दाबली की तेल सुटते. सर्वांत जास्त तेल त्यांतच असते, आणि ते वेचायचे काम सगळीकडे बायकांचेच असते. बुंच्या उजव्या हाताच्या बोटांना कायमचा पिवळा डाग आहे, हळदीने पडावा तसा. माझ्या आईच्या बोटांवर कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांचे ओरखडे असत. मी बुंचे हात पाहत असे तेव्हा दर वेळी मला ते आठवत.

तोडलेल्या फळात घड्याळ सुरू होते. मार बसलेल्या फळातली विकरे तेल फोडू लागतात, आम्ल वाढते, आणि म्हणूनच फळ चोवीस तासांच्या आत गिरणीत वाफेखाली जायला हवे. या एका रासायनिक गोष्टीवर त्या मुलखाची सगळी रचना उभी आहे. भात, गहू, कापूस घरात ठेवता येतो. भाव पडला तर माणूस थांबू शकतो. पामवाला थांबू शकत नाही. त्याला रस्ता हवा, मालमोटार हवी आणि जवळ गिरणी हवी, आणि ज्याच्या हातात या तीन गोष्टी आहेत त्याच्या हातात त्याची जमीन आहे, मालकीचा कागद कोणाच्याही डब्यात असो. ऊस तोडून फडात वाळत पडलेला पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला हे अधिक सांगायची गरज नाही.

2022 चा मे महिना मी काट्याच्या त्या बाजूला उभा राहून पाहिला. जानेवारीपासूनच देशात खाद्यतेलाची टंचाई होती. सरकारने लिटरला 14,000 रुपियाची मर्यादा घातली आणि दुकानांतून तेल गायब झाले. ज्या गावातून आठवड्याला कित्येक मोटारी फळ जाई, त्या गावातली बु तालुक्याच्या दुकानापुढे दोन लिटरच्या पिशवीसाठी सकाळपासून रांगेत उभी राहिली. मग 28 एप्रिलला सरकारने पामतेलाची निर्यातच बंद केली. टाक्या भरल्या. टाक्या भरल्यावर गिरणी फळ घेऊन करणार काय? आमच्या फाटकाबाहेर मोटारींची रांग लागली आणि दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती. उन्हात फळ गरम होऊन आंबट वास सुटला. तपासनीस फळात टोकदार सळई खुपसून बाहेर काढत आणि कपातीची टक्केवारी सांगत. ती टक्केवारी ज्या तक्त्यावरून काढली जाई, तो तक्ता माझ्या विभागाने तयार केला होता. रांगेत सातव्या मोटारीत पाकांचे फळ होते. त्यांनी मला पाहिले, मान हलवली आणि काहीही विचारले नाही. घरी आल्यावरही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला तो काढता आला नाही. 17 मे रोजी शेतकऱ्यांनी जकार्तात मोर्चा काढला, 23 तारखेला बंदी उठली, पण एप्रिलच्या आधी किलोला तीन हजार रुपियांच्या वर असलेला फळाचा दर जून-जुलैत काही ठिकाणी हजाराच्याही आत आला होता.

त्या वर्षी दिवाळीला मी गावी आलो. महाराष्ट्र सरकारने रेशनवर 100 रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला होता: रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. काकूने चकल्यांसाठी ती पिशवी माझ्यासमोर फोडली. मी लेबल वाचले, त्यावर पामोलीन एवढेच होते, कुठल्या मातीतले ते नव्हते. भारत वर्षाला पाऊण कोटी ते एक कोटी टनांच्या दरम्यान पामतेल आयात करतो आणि त्यात इंडोनेशियाचा वाटा मोठा आहे. तेव्हा अंदाज बांधायला हरकत नव्हती. काकूला मी बुंच्या बोटांबद्दल सांगितले. तिने विचारले, "मग ती बाई तिकडं शेतात काय पेरते? खायला?" मी म्हणालो, काही नाही. काकूला ते पटले नाही.

खरेच काही नाही. गावातला तांदूळ पश्चिम सुमात्रातल्या सोलोककडून येतो, भाजी डोंगराकडून, कांदा-मिरची आणखी लांबून. परसात केळी, कसावा, लेमनग्रास, दोन-चार कोंबड्या. जावात भातावर गावाची घडी बसलेली असते. तिथे देवी श्री आहे, आपल्याच श्रीचे जावाच्या चिखलात रुजलेले रूप. पेरणीचे, पोटरीचे, कापणीचे तिचे विधी आहेत. एम्बाह नमाज चुकवत नाहीत, तरी श्रीचे नाव त्या अजूनही आवाज उतरवून घेतात. मी एकदा विचारले, पामची, तिथल्या भाषेत 'सावित'ची, देवता कोण? त्या बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "सावितला कोणी नाही, मास. सावितला फक्त दर आहे."

गावापासून दहा किलोमीटरवर नदीकाठी मलायू, म्हणजे मलय लोकांचे जुने गाव आहे. एस्पे तीनला जमीन 'मिळाली' म्हणतात, ती कोणाकडून तरी आली होती, हे तिथे गेल्यावर कळते. तिथल्या एका आजोबांनी मला कंपनीच्या मळ्यात मधोमध उभे असलेले एक प्रचंड झाड दाखवले. त्याला सियालांग म्हणतात, म्हणजे आग्या मोहोळ बसते ते झाड, मग जात कुठलीही असो. मलायू लोकांत अशी झाडे आणि त्यांच्याभोवतीचा रानाचा पट्टा कुळाच्या मालकीचा असतो, आणि अंधाऱ्या रात्री गाणी म्हणत, मधमाशांची मनधरणी करत मध उतरवला जातो. रोपे लावताना भोवतीचे रान गेले. झाड तेवढे सोडले. पांढरे, गुळगुळीत खोड, भोवती पामच्या रांगा, आणि एकही पोळे नाही. आजोबा खोडाला हात लावून उभे राहिले. "झाड आमचे आहे," ते म्हणाले, "पण त्याच्याखालची जमीन नाही."

कंपनीला मिळतो तो जमीन कसण्याचा हक्क, 35 वर्षांपर्यंत, पुढे 25 वर्षांची मुदतवाढ. मुदत संपली की जमीन राज्याकडे जाते, नदीकाठच्या कुळाकडे नाही. इंडोनेशियाच्या 1945 च्या राज्यघटनेत कलम 33 आहे, त्यात 'बुमी' आणि पाणी राज्याच्या ताब्यात राहून जनतेच्या समृद्धीसाठी वापरावे, असे म्हटले आहे. बुमी म्हणजे भूमी. आजोबांकडे त्या भूमीचा कुठलाच कागद नव्हता, कारण त्यांच्या पूर्वजांना तो कोणाकडून घ्यायचा हा प्रश्नच पडला नव्हता. पाकांकडे कागद आहे. मला दोघांबद्दलही सारखेच वाटते, आणि या दोन हक्कांचा मेळ कसा घालायचा हे मला सुचलेले नाही. एवढेच म्हणतो, की पाकांनी कोणाची जमीन हिसकावली नाही, आणि आजोबांची जमीन मात्र गेली.

2022 च्या मध्यावर पाकांनी ठरवले की झाडे काढायची. पाम पंचवीस-तीस वर्षे चालतो. मग तो इतका उंच होतो की एग्रेक पोचत नाही, आणि खोडकुजीची बुरशी रांगांत भगदाडे पाडते. 47 नंबरमधली पंचेचाळीस झाडे तिने आधीच नेली होती. पुनर्लागवडीसाठी सरकारी निधीतून हेक्टरी तीन कोटी रुपिया अनुदान मिळत होते. पण अनुदानाला कागद लागतो, आणि तो कागद वनखात्याच्या नकाशाशी जुळावा लागतो. शेजारच्या दोन घरांनी मागाहून, सरपंचाच्या दाखल्यावर घेतलेले तुकडे नकाशात जंगल निघाले. तीस वर्षांत तिथे एकही रानझाड कोणी पाहिले नव्हते. पाकांचे प्रमाणपत्र तांदळाच्या डब्यातून निघाले आणि चालले. रोपे मात्र त्यांनी मेदानच्या संशोधन केंद्राचा शिक्का पाहूनच घेतली. बोगस रोप तीन वर्षांनी फळ धरते तेव्हा त्यात गर कमी आणि कवचच जास्त निघते, आणि तोवर तीन वर्षे गेलेली असतात.

यंत्र आले त्या दिवशी एम्बाह खुर्ची घेऊन रस्त्याकडेला बसल्या. यंत्राचा हात खोडाला टेकवायचा, एक रेटा, आणि झाड मुळांच्या गुंतवळ्यासह आडवे. दोन दिवसांत दोन हेक्टर मोकळे झाले. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिथे जमिनीवर ऊन पडले होते. माती तांबूस-करडी होती, आणि जिथे झावळ्यांचे ढीग वर्षानुवर्षे कुजले होते तिथे काळी. एम्बाह चप्पल काढून आत गेल्या आणि काळ्या पट्ट्यावरून चालत शेवटापर्यंत जाऊन आल्या. बेदोल, मी मनात म्हणालो, पण त्या म्हणाल्या, "इथे भात येईल."

रोपे लहान असताना मधल्या जागेत दोन-अडीच वर्षे ऊन असते. पाकांच्या मनात मका होता, त्याला कोंबडीखाद्यवाले गिऱ्हाईक होते. बरीच चर्चा झाली, जी मला जावानीजमधून अर्धीच कळली, आणि शेवटी ठरले की काळ्या पट्ट्यांत कोरडवाहू भात, बाकी मका. नोव्हेंबरच्या पावसावर पेरा झाला. काठीने भोके पाडत पाक पुढे, मागून बु आणि एम्बाह चिमटीने बी टाकत. एम्बाहना वाकवत नव्हते; त्या उभ्यानेच टाकत आणि नेम चुकला की बु सरसावून बी भोकात ढकलत.

मार्चमध्ये भात पिकला. रानडुकरांनी एक कोपरा खाल्ला होता, पाखरांनी बरेच काही. कापणीच्या आदल्या दिवशी एम्बाहनी ट्रंकेतून एक फडके काढले. आत 'आनी-आनी' होती: तळहातात मावणारी लाकडी पट्टी आणि तिच्यात बसवलेले बोटभर पाते. विळा पाहून देवी श्री घाबरते, म्हणून हे पाते मुठीत लपवायचे आणि एकेक लोंबी बोटांत धरून अलगद कापायची. 1989 मध्ये बोटीत चढताना त्यांनी ती बरोबर घेतली होती, त्या वेळी आपल्याला कुठल्या पिकाच्या गावात नेताहेत याची त्यांना नीट कल्पना नव्हती. पाते गंजलेले होते. पाकांनी ते पामच्या कोयत्याच्या सहाणेवर घासून दिले.

सकाळी एम्बाह एकट्याच आत गेल्या. आम्ही बांधावर थांबलो. लहान पामच्या झावळ्या त्यांच्या कमरेपर्यंत येत होत्या आणि त्यांच्या मधून त्यांचा पांढरा डोईरुमाल तेवढा दिसत होता. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, पण आमच्यापर्यंत नुसता लोंबी तुटल्याचा बारीक आवाज येत होता. एक जुडी झाल्यावर त्या परत आल्या, ती बुंच्या हातात दिली आणि म्हणाल्या की आता विळा चालेल.

सगळे मिळून सात गोणी भात निघाला. सोलोकचा तांदूळ घरात होता, तो बुंनी तसाच ठेवला. जुडी स्वयंपाकघराच्या दारावर, घड्याळाच्या शेजारी बांधली. जूनमध्ये मी निघालो तेव्हा ती तिथेच होती, आणि खालच्या डब्यात, नव्या तांदळावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला 47 नंबरचा कागद.